पाहणीचे पाहुणे

गरिबी ही प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून, त्रिसदस्यीय समितीच्या सहीने खात्री करून घेण्याची बाब आहे, असे आमच्या योजनेचे धोरण आहे. पूर्वी नुसत्या उत्पन्नाच्या दाखल्यावर काम भागत असे. पण दाखले पाहू गेले तर जिल्ह्यात श्रीमंत माणूस औषधालाही उरला नव्हता. तेव्हा वरून आदेश आला की 'होतकरू विद्यार्थी आधार योजने'ची शिष्यवृत्ती मंजूर करण्यापूर्वी अर्जदाराच्या घरी जाऊन गरिबीची पाहणी करावी. त्या पाहणी समितीचा मी सदस्य-सचिव. समितीत जे घडते ते पाहणे आणि जे घडायला हवे होते ते लिहिणे, ही माझी जबाबदारी.

अध्यक्ष सयाजीराव साहेब. साहेबांना सगळे नियम तोंडपाठ आहेत. नियम कशासाठी केला हे त्यांनी कधी कुणाला विचारले नाही, कारण तसे विचारण्याचा नियम नाही. तिसरे सदस्य बाळासो. त्यांची नेमणूक 'समाजातील प्रतिष्ठित व्यक्ती' या सदरात झाली. बाळासोंकडे जीप होती आणि समितीकडे नव्हती, हे त्यांच्या प्रतिष्ठेचे कारण होते.

आमच्यापुढे आलेले पहिलेच प्रकरण ओढ्याकाठच्या गल्लीतले. अर्जदार संघप्रिया, आठवीत शिकणारी, योजनेच्या परीक्षेत तालुक्यात पहिली. वडील गणपती शाहूपुरीत एका गूळ अडत्याकडे हमाल. आई अंजना घरी कांदा-लसूण चटणी कुटून दारोदार विकते. घरात आणखी एक आजी, अंबूबाई. आईने शाळेत येऊन हेडमास्तरांना सरळ सांगितले होते की शिष्यवृत्ती आली तर पोरगी दहावीपर्यंत शिकेल, नाही आली तर जूनपासून तिच्याही खांद्याला चटणीची पिशवी. हेडमास्तरांनी ते तसेच अर्जाखाली लिहून दिले होते. प्रकरण इतके सोपे होते की समितीला थोडे अवघडल्यासारखे झाले.

नियमाप्रमाणे आम्ही आगाऊ पत्र पाठवले. 'समितीचे सन्माननीय सदस्य आपल्या निवासस्थानी येत आहेत, तरी कुटुंबातील सर्वांनी उपस्थित राहावे.' पत्रात चूक काहीच नव्हती. पण आमच्या कोल्हापुरात सन्माननीय मंडळी घरी येणार म्हटले की त्याचा एकच अर्थ होतो. पावणं येणार.

आता ओढ्याकाठच्या गल्लीची रीत अशी की एका घरी पावणे आले की ते सगळ्या गल्लीचे. मुलगी बघायला माणसे येवोत नाहीतर सुट्टीवरचा फौजी भाचा येवो, गल्लीतली प्रत्येक चांगली वस्तू त्या घरी चालत जाते. शेजारच्या केरबाचा टेबलफॅन जातो, तालमीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या जातात, कुणाची फुलाफुलांची कपबशी जाते, कुणाची न वापरलेली चादर जाते. पावणे उठले की वस्तू आपापल्या घरी परत. यात कुणी कुणाला फसवत नाही. येणाऱ्या पावण्यालाही हे ठाऊक असते, कारण त्याच्या गल्लीतही तेच चालते. ठाऊक नव्हते ते फक्त आमच्या पाहणी पत्रकाला.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंबूबाई डोक्यावर पदर घेऊन दारातच उभ्या होत्या.

"या, या पावणं! उनाचं लांबनं आलायसा. बसा की. अंजे, पंका लाव."

पंखा लागला. बाळासोंनी त्याच्यासमोरची खुर्ची धरली. संघप्रिया इस्त्रीचा गणवेश घालून भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी चष्मा लावला.

"पंखा?"

"एक," मी लिहिले. जाळीला लाल रिबीन बांधलेली होती.

"खुर्च्या?"

"चार. एकीचा हात मोडलाय."

"चार, पैकी एक अंशतः. पशुधन?"

तेवढ्यात उंबऱ्यावरून एक कोंबडी आत डोकावून गेली. मी लिहिली. अंबूबाईंनी ते पाहिले आणि त्यांचा गैरसमज झाला.

"आवडती न्हवं कोंबडी? आता जेवल्याबिगार सोडायची न्हाय म्या तुमास्नी."

समितीने नकार दिला. नकार देताना समिती खुर्चीवरून उठली नाही, त्यामुळे तो कुणाला फारसा ऐकू गेला नाही. थोड्या वेळाने परसातला कलकलाट थांबला. संघप्रिया आईच्या कानाशी लागली, "आई, अंडी विकून वह्या घेणार होतो ना आपण?" अंजनाने डोळे वटारले. "गप. पावणं हाईत."

रस्सा झाला. भाकरी झाल्या. बाळासोंनी वाटी परत परत पुढे केली आणि दर वेळी म्हणाले, "वैनी, नाद खुळा." साहेबांनी हाडूक ताटाच्या कडेला ठेवून मला सांगितले, "लिहा. सदर कुटुंबाचा आहार सकस आहे." माझा उजवा हात रश्श्यात होता, म्हणून ते मी हात धुतल्यावर लिहिले.

त्याच गल्लीत आणखी अर्जदार होते. पुढचे घर केरबाचे, त्याचा नातू सार्थकही पात्र ठरू पाहत होता. आम्ही संघप्रियाच्या पुढच्या दाराने बाहेर पडलो तसा पंखा मागच्या दाराने बाहेर पडला. आम्ही केरबाकडे पोहोचलो तेव्हा तो तिथे आमच्या आधी पोहोचून गरागरा फिरत होता. त्याच्यापुढच्या घरीही पंखा, त्याच्यापुढच्याही. सगळ्यांना लाल रिबीन. प्रत्येक घरी दोन-चार पोरे कोपऱ्यात धापा टाकत बसलेली असत.

"च्यायला," बाळासो म्हणाले, "साहेब, ह्या गल्लीत समद्यांच्या एकेका खुर्चीचा हात मोडलाय."

साहेबांनी विचार केला. "घाऊक खरेदी केलेली दिसते. एकाच गोदामातला माल. याला म्हणतात सहकार."

सहकारावर वाढलेल्या जिल्ह्यात हे कुणालाही पटले असते. मलाही पटले. अहवालात घरटी एक पंखा, घरटी चार खुर्च्या आणि घरटी फुलाफुलांची कपबशी आली. निष्कर्ष असा निघाला की ओढ्याकाठची गल्ली चांगली खाऊनपिऊन सुखी आहे आणि सगळे अर्जदार अपात्र आहेत.

अपात्रतेचे पत्र मिळताच संघप्रिया आईला आणि केरबाला घेऊन आमच्या कचेरीत आली. शाहूपुरीत एका टायरच्या दुकानावर आमची कचेरी आहे. एप्रिलचे ऊन पत्र्यावर तापत होते आणि साहेब फाइलने वारा घेत बसले होते.

"सर, पंखा आमचा नाही," संघप्रिया म्हणाली. "केरबा आज्जांचा आहे. खुर्च्या तालमीच्या. कपबशा गल्लीतल्या सोनमदीदीच्या सासूच्या."

"आणि कोंबडी?"

"कोंबडी आमची होती."

"होती म्हणजे? आता कुठे आहे?"

पोरगी साहेबांकडे पाहत राहिली. मी बाळासोंकडे पाहिले. बाळासोंनी खिडकीतून बाहेर पाहिले.

"सर, ती तुम्ही खाल्ली."

"समिती खात नसते, बाळ. समिती पाहणी करते." साहेबांनी माझ्याकडे वळून सांगितले, "पाहणीनंतर मालमत्तेची विल्हेवाट लावली, असा शेरा मारा."

केरबा पुढे झाला. म्हातारा अंगाने काटक, आवाजाने मोठा. "साहेब, पंका माजाच हाय. जावयानं दिवाळीला दिलता. माज्या नातवाचं काय व्हायचं ते व्हऊ द्या, पर ह्या पोरीचं अडवू नगासा. लई हुशार हाय ती."

हे ऐकून माझा ऊर क्षणभर भरून आला. साहेबांनी मात्र अहवाल उघडला.

"त्या दिवशी तुमच्या घरी एक पंखा नोंदला आहे. हिच्या घरचाही तुमचाच म्हणता. म्हणजे तुमचे दोन पंखे."

"त्योच त्यो, साहेब."

"शेजारच्या घरचा?"

"त्यो बी त्योच की."

"म्हणजे गल्लीतले सगळे पंखे तुमचे. आणि तुम्ही नातवासाठी शिष्यवृत्ती मागता?"

"अवो, एकच हाय! पोरांनी मागल्या दारानं पळवत न्हेला."

साहेब हसले. सरकारी कागदावर विश्वास नसलेल्या माणसाकडे पाहून ते नेहमी असे मायेने हसतात. "आजोबा, नोंदलेला पंखा खोटा नसतो. दप्तरात घरटी एक पंखा आहे. तुम्ही म्हणता एकच. मग बाकीचे गेले कुठे? याची चौकशी लावायची झाली तर मालक म्हणून तुमचंच नाव पहिलं लागेल."

केरबाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मग ऱ्हाऊ दे. माजा न्हाय त्यो पंका."

"हिचा?"

"आमचा पण नाही," संघप्रिया म्हणाली.

ज्या वस्तूला मालक नाही ती बेवारस. बेवारस वस्तू निर्णय होईपर्यंत कार्यालयात जमा करावी, असा नियम आहे. बाळासो जीप घेऊन गेले आणि पंखा घेऊन आले. तो आता साहेबांच्या टेबलावर लाल रिबीन उडवत फिरतो आणि निर्णय अजून व्हायचा आहे.

वारा लागल्यावर साहेबांचे मन थोडे मोकळे झाले. "मी काही पाषाण नाही," ते म्हणाले. "फेरपाहणी करू. पण या वेळी पाहुणचार नको. वस्तू गोळा करू नका, जेवण करू नका, चहासुद्धा नको. जसे राहता तसे बसा."

संघप्रियाचा चेहरा एकदम उजळला. "काही करणार नाही, सर. आजीला मी सांगते."

मे महिन्यात भर दुपारी आम्ही न कळवता तिथे गेलो. या वेळी घरात काहीच नव्हते. खुर्ची नव्हती, म्हणून आम्ही उभे राहिलो. भिंतीवर बुद्धाचा एक फोटो, फळीवर जुन्या पुस्तकांची चळत, कोपऱ्यात उखळ आणि मिरचीचा वास. साहेब विचारत गेले आणि मी 'नाही' लिहीत गेलो. पंखा नाही. खुर्ची नाही. पशुधन नाही. इतके स्वच्छ पत्रक मी नोकरीत कधी भरले नव्हते. ही पोर शिकावी असे मला अगदी मनापासून वाटले. तसे वाटण्यासाठी पत्रकात रकाना नव्हता, म्हणून ते लिहायचे राहिले.

अंबूबाई भिंतीशी बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. पावणे उभे आणि आपण बसलेले, हे त्यांच्या जन्मात पहिल्यांदाच घडत असावे. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. संघप्रिया त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या पदराचे टोक मुठीत धरून होती.

शेवटची सही तेवढी राहिली होती, आणि बाळासोंना ठसका लागला.

मिरचीचा असेल, उन्हाचा असेल. बाळासो खोकू लागले आणि थांबेनात. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. अंबूबाई उठू लागल्या.

"आजी, बस," संघप्रिया म्हणाली.

त्या बसल्या. बाळासोंनी चौकट धरली. अंबूबाई पुन्हा उठल्या.

"आजी, नको. तुला माझी शपथ."

"सोड गं. माणूस मरंल माज्या दारात." त्यांनी पदर सोडवून घेतला, आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. नुसते पाणी कसे द्यायचे म्हणून तळहातावर गुळाचा एक खडा. गणपती अडत्याकडून येताना पोत्याला चिकटलेला गूळ आणत असे, त्यातला.

बाळासो प्याले. गूळ तोंडात टाकला. ठसका थांबला.

"आजी, का दिलंस गं?" संघप्रियाने विचारले. "एवढं सांगितलं होतं ना तुला."

अंबूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "दारात आल्याला पाणी बी दिलं न्हाय, तर मग आपुन गरीबच की गं."

"थांबा!" साहेब म्हणाले. त्यांचे कान टवकारले गेले होते. "काय म्हणाल्या त्या? जसेच्या तसे लिहा. पाणी दिले नाही तर आम्ही गरीब. आणि पाणी दिले आहे. म्हणजे कुटुंब गरीब नसल्याचे कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीने समितीसमोर स्वतः निवेदन केले."

"साहेब, पर ठसका मला लागलाता," बाळासो पुटपुटले.

"ठसका नोंदीत नाही. गूळ आहे."

अंजना उखळापासून ताडकन उठली. "अवो साहेब, तुमास्नी पाणी पाजलं ह्यो काय गुना झाला व्हय?"

"गुन्हा नाही, बाई," साहेब शांतपणे म्हणाले. "अपात्रता."

अंबूबाईंना यातले काही कळले नाही. त्यांच्या अंगठ्याचा ठसा मी घेतला तेव्हा काम झाले असेच त्या समजल्या. निघताना त्यांनी आम्हाला दारापर्यंत सोडले आणि म्हणाल्या, "पोरीचं तेवढं बघा हां, पावणं. आणि पुन्यांदा या, जेवूनच जायाचं." संघप्रियाने रिकामा तांब्या उचलला आणि विसळायला घेऊन गेली. मला तिच्याकडे बघवले नाही, म्हणून मी पत्रक बघितले.

या प्रकरणातून योजनेला एक शास्त्रशुद्ध कसोटी मात्र मिळाली. पंखे मोजायला नकोत की खुर्च्या. आलेल्या माणसाला ज्या घरात पाणी मिळते ते घर गरीब नाही, आणि जिथे पाणीसुद्धा मिळत नाही तिथे खरी गरिबी. सोपी, बिनखर्चाची, कुणालाही करता येण्यासारखी कसोटी. साहेबांनी तसे वर कळवले आणि वरून कौतुकाचे पत्र आले.

कसोटी आम्ही लगेच लावून पाहिली. पुढचा अर्जदार राजवीर. वडील हंबीरराव, शहराबाहेर नव्या वसाहतीत बंगला, उत्पन्नाचा दाखला अत्यल्प. आम्ही फाटकावरचे बटण दाबले. बऱ्याच वेळाने फाटकातूनच आवाज आला.

"कोण?"

"पाहणी समिती. शिष्यवृत्तीची."

"आत्ता नाही. नंतर या."

"पावणं, वाईच पाणी तरी मिळंल का?" बाळासोंनी फाटकाला तोंड लावून विचारले. सवयीने.

"सांगितलं ना, नंतर या."

वरच्या कॅमेऱ्याने मान वळवून आम्हाला नीट पाहिले आणि पुन्हा रस्त्याकडे वळवली. आत कुत्रे भुंकत होते, पण ते दिसले नाही, त्यामुळे पशुधनात घेता आले नाही. खुर्ची दिसली नाही. पंखा दिसला नाही. उन्हात उभ्या माणसाला द्यायला त्या घरात घोटभर पाणी नव्हते. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"सचिव," ते म्हणाले, "इतकं दारिद्र्य मी आजवर पाहिलं नाही."

राजवीरला शिष्यवृत्ती मंजूर झाली. मग त्या वसाहतीत आम्ही घरोघर गेलो. कुठे साखळी लावलेले दार बोटभर उघडले आणि मिटले. कुठे पहारेकऱ्याने फाटकावरूनच परत पाठवले. एका उंच इमारतीत तर आम्ही सगळ्या मजल्यांवर फिरलो आणि तहानलेले खाली आलो. इतकी वर्षे शासन गरिबी झोपडपट्ट्यांत शोधत राहिले आणि ती इथे लिफ्टने वरखाली करत होती. आता योजनेचा सगळा लाभ तिकडेच जातो. ओढ्याकाठच्या गल्लीत मात्र अजून आम्ही गेलो की चहा येतो, म्हणून त्या गल्लीची आता पाहणीही बंद केली आहे.

जून उजाडला आणि संघप्रिया आईबरोबर चटणी विकू लागली. गल्लीत सगळ्यांच्या घरी चटणी असते, तेव्हा ती फ्लॅटच्या इमारतींतच फिरते. खांद्याला पिशवी, अंगात तोच गणवेश, कारण दुसरा धड ड्रेस नाही. आम्हाला पाहून ती नमस्कार करते. मला तो नमस्कार नको वाटतो.

परवा दुपारी आम्ही जीपमधून चाललो होतो तेव्हा ती एका इमारतीत शिरताना दिसली. बाळासोंनी गाडी थांबवली. का थांबवली ते त्यांनी सांगितले नाही. जिना चढून मी अर्ध्यावर उभा राहिलो. ती वरच्या मजल्यावर एका दारापुढे उभी होती. तिने बेल वाजवली. आतून पावले आली, दाराच्या भिंगामागे अंधार झाला. पोरगी घामाने भिजली होती. चटणीचे नावही तिने काढले नाही. "थोडं पाणी मिळेल का?" एवढेच विचारले.

भिंगामागचा अंधार तसाच राहिला. मग आतून आवाज आला, "नको आहे आम्हाला काही," आणि पावले परत गेली. चालू असलेले वाचन मध्येच टाकून उठावे लागल्यासारखी ती पावले चिडलेली होती.

वाचक महोदय, त्या दारावरच्या पाटीवरून तुमचे नाव उतरवून घेतले आहे. तुमची परिस्थिती इतकी वाईट असेल याची आम्हाला कल्पना नव्हती. मुलाच्या शाळेचा दाखला तेवढा पाठवून द्यावा. पाहणी झालेली आहे.